लग्नात दिलं म्हणजे वाटा मिटला? कुठे लिहिलंय?

गेल्या शुक्रवारी खालाचा, म्हणजे मावशीचा, फोन आला. "बेटा, कुराणातच असं असेल तर मी सही करून टाकते." मोठ्या मामूंनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला होता, 'शरियतनुसार बहिणींचा हिस्सा'. हिरवी चौकट, वर बिस्मिल्ला, खाली 'सवाबसाठी पुढे पाठवा'. आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राचा मसुदा. नानांना, म्हणजे आईच्या वडिलांना, जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

माझी अम्मीही यात वारस आहे, तेव्हा मी तटस्थ वगैरे नाही. पण भागाकार मी माझ्या मनाने केलेला नाही.

पहिला मुद्दा: 'मुलीला लग्नात दागिने, जहेज दिलं की बापाच्या इस्टेटीतला तिचा हिस्सा अदा होतो.' आधार काय, तर 'हदीस', म्हणजे पैगंबरांच्या वचनाची वा कृतीची नोंद. कुठली? ते नाही.

मग मी सांगते एक. उहुदच्या लढाईत, सन ६२५ मध्ये, साद बिन रबी शहीद झाले. त्यांच्या भावानं सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली: पैशाशिवाय यांची लग्नं कशी व्हायची? त्यावर वाटणीची आयत (कुराणातलं वचन) उतरली आणि पैगंबरांनी त्या काकाला निरोप धाडला की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझं. २४ भाग केले तर १६ मुलींचे, ३ आईचे, ५ काकाचे. हदीससंग्रहांपैकी तिर्मिजीत आहे, अबू दाऊदमध्येही आहे. लग्नाचा विषय त्या बाईनं स्वतःच काढला होता! तरी 'लग्नं लावून दे आणि मोकळा हो' असं उत्तर आलं नाही. सूरह (अध्याय) निसाची सातवी आयत तर सरळच सांगते की आईबाप जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचाही हिस्सा आणि बायकांचाही, थोडं असो की जास्त, ठरवून दिलेला.

बापानं हयातीत हौसेनं दिलं ती भेट. वाटणीत ती वजा होत नाही. आणि करायचीच असेल वजा, तर मामूंच्या कुवेतच्या व्हिसाचे, एजंटाचे, तिकिटाचे पैसे? ते नानांनी नानीच्या पाटल्या मोडून भरले होते. त्या पाटल्या कुठल्या रकान्यात मांडायच्या?

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करते. बाप जिवंत असताना वारसानं मोबदला घेतला आणि 'पुढे हक्क सांगणार नाही' असं लिहून दिलं, तर नंतर त्याला फिरता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७३ मध्ये गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली खटल्यात म्हटलंय. तिथे लिहून देणारे मुलगे होते, हे फॉरवर्डवाल्यांनी बघावं. खालाच्या लग्नात कागद एकच झाला होता, निकाहनामा.

'विधवेला मेहर दिला की तिचा विषय संपला.' हेही थोतांड. मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम, हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जं (न दिलेला मेहर त्यातच), मग वसीयत (मृत्युपत्र), आणि उरेल त्याची वाटणी. त्या वाटणीत विधवेचा हिस्सा वेगळा: मूलबाळ असेल तर आठवा, नसेल तर चौथा.

'बापानं घर मुलांच्या नावे वसीयत केलं की बहिणींनी बोलू नये.' वसीयत एक तृतीयांशापुरतीच चालते. तीही वारसाच्याच नावे असेल तर बाकीच्या वारसांनी, बाप गेल्यानंतर, मान्य केली तरच. आम्ही कोकणी शाफई, मामींचं माहेर हनफी (सुन्नींमधले कायद्याचे दोन पंथ), दोन्हीकडे हेच.

आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना, त्यांचा काका हयात असेल तर, आजोबांच्या इस्टेटीत काही मिळत नाही, असंही त्यात आहे. हे खरंय, आणि मला ते सलतं. इजिप्तनं १९४६ मध्ये, पाकिस्ताननं १९६१ मध्ये कायदा करून वाट काढली. आपल्याकडे १९३७ च्या शरियत कायद्यात तसं काही नाही. आजोबांनीच हयातीत भेट द्यावी किंवा वेळेवर वसीयत करावी.

राहिला शेवटचा मुद्दा, 'मुलीला मुलाच्या निम्मं'. भाऊ असतील तर हो, निम्मं. मग निम्मं तरी द्या की! मसुद्यात शून्य आहे.

रविवारी खालाकडे गेले. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून ओट्यावरच हिशेब मांडला. समजा, घर आणि बँकेतली ठेव मिळून ४८ लाख. नानीचा आठवा हिस्सा ६. उरले ४२, त्याचे सहा भाग: दोन मामू १४-१४, अम्मी आणि खाला ७-७. खालानं बोटावर बेरीज करून पाहिली, सातच्या खाली रेघ मारली, आणि मग वरच्या सहावर बोट ठेवून म्हणाली, "हे अम्माला कुणी सांगितलंय का?"