फुल मडगार्ड खपवणाऱ्यांनो, एकदा आरेत या

पावसाळा तोंडावर आला की सायकलच्या दुकानांत चाक वरून मागेपर्यंत झाकणारं लांब मडगार्ड खपवायचं एकच तुणतुणं सुरू होतं. "फुल मडगार्ड लावून घ्या सर, टेन्शन संपलं." कुणाचं संपलं? वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून ऑफिसला जाणाऱ्याचं संपत असेल, मान्य. डांबरावर टायर पाणी उडवतो, ते मडगार्डला लागतं आणि खाली गळून जातं. पण माउंटन बाइक घेऊन मुंबईच्या आरे कॉलनीतल्या मातीच्या वाटांवर जाणाऱ्यालाही तुम्ही तेच मडगार्ड त्याच तोंडाने विकता? तिथे चिखल चिकटतो हो! पाणी उडणं वेगळं आणि चिखल चिकटणं वेगळं, हे सायकली विकून पोट भरणाऱ्याला कळू नये?

इथली माती काय आहे ते तरी बघा. बसाल्टचा काळा खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि लागेल तिथे चिकटून बसते. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण धो-धो कोसळत असतो तेव्हा एक वेळ परवडतं. चिखल पातळ असतो, वाहून जातो. जीव काढतो तो दोन दिवस उघडीप मिळाल्यावरचा चिखल. अर्धवट सुकलेला, घट्ट, त्यात गवत आणि कुजलेली पानं मिसळलेली. टायरला एकदा लागला की सुटायचं नाव नाही.

29 इंची चाकावर 2.25 इंचाचा टायर म्हणजे साधारण 57 मिलिमीटर रुंदी. त्यावर हे फुल मडगार्ड असं लगटून बसवतात की मध्ये जेमतेम बोट जातं. उघडं चाक स्वतःला साफ करत असतं, जरा वेग घेतला की चिखल आपोआप फेकला जातो. मडगार्ड लावलं की तो जायचा कुठे? वर अडतो, खाली टायर फिरतच असतो, तो आणखी चिखल आणून वर दाबतो. मोदकाच्या साच्यात उकड दाबावी तसा थरावर थर बसत जातो. चढावर तर वेगच नसतो, त्यामुळे फेकला जायचाही प्रश्न नाही. आधी खर्र-खर्र आवाज येतो, मग पेडल जड होतं, मग चाक जागच्या जागी थांबतं. मागचं थांबलं तर सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. पुढचं उतारावर थांबलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. एखादी काडी टायर आणि मडगार्डच्या मध्ये ओढली गेली तरी तेच. म्हणून तर चांगल्या प्रतीच्या पुढच्या मडगार्डला धरून ठेवणाऱ्या सळयांना ताण आला की सुटणाऱ्या क्लिपा असतात. आपल्याकडे सर्रास खपवतात त्या स्वस्तातल्या मालाला त्या असतात का? विचारून बघा, समोरचा नुसता तोंडाकडे बघतो.

आणि अडकलेला चिखल काढणं म्हणजे काय वैताग आहे, हे ज्याने काढलाय त्यालाच माहीत. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, कमानीखाली बोटं जात नाहीत. काडी घातली तर मोडते. टायर काढायच्या पट्टीने (टायर लिव्हर) उकरावं तर गवताचे धागे मातीत असे गुंफलेले असतात की एकेक ओढून तोडावा लागतो. वैतागून मडगार्डच काढू म्हटलं तर बोल्टच्या डोक्यात माती ठासलेली, षटकोनी अॅलन की आत शिरत नाही. मग आधी पिनेने ते भोक कोरा. वर पाऊस, पायाला डास, आणि पुढे शंभर पावलं गेलं की पुन्हा चाक जाम!

"मग काढून टाक ना मडगार्ड, माउंटन बाइकला कशाला हवं?" हे सांगणारे दुसरे शहाणे. आरे कॉलनी 1949 साली वसवलीच मुळी म्हशींच्या तबेल्यांसाठी. आजही तिथे तबेले आहेत, गुरं आहेत, उंदीर आहेत. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) आजाराचे जंतू बाधित जनावरांच्या मुतातून पाण्या-चिखलात येतात आणि जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून माणसाच्या अंगात शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून औषध घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात कानीकपाळी ओरडते. आणि मी तो चिखल पुढच्या चाकावरून थेट डोळ्यांत घ्यायचा? बाटलीच्या तोंडावर उडालेला पाण्याबरोबर प्यायचा? कपडे खराब होतात म्हणून मी मडगार्ड मागत नाही, कपडे धुता येतात.

शर्यतींचे दाखले तर देऊच नका. बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉसवाले, म्हणजे चिखल-मातीतल्या सायकल शर्यतींचे स्पर्धक, मडगार्डशिवाय चिखलात धावतात, खरं आहे. पण त्यांना वाटेतल्या पिटमध्ये, म्हणजे सायकल बदलायच्या जागी, दुसरी स्वच्छ सायकल तयार मिळते आणि चिखलाने भरलेली मागे कुणीतरी प्रेशर पंपाने धुवत असतो. माझ्या सोसायटीत मी नळाला पाइप लावला की सेक्रेटरी काका गॅलरीतून ओरडतात.

माझ्या सायकलला चालतं ते आखूड, लवचीक प्लॅस्टिकचं, केबल टायने फोर्कला बांधायचं मडगार्ड. तेही कमानीखाली टायरपासून नीट अंतर राखून, म्हणजे डोळे वाचतात आणि चिखलाला पडायला वाट राहते. मागे सीटखालच्या दांड्याला (सीटपोस्ट) लावायचं, टायरच्या चांगलं वर उभं राहणारं. पण त्याचा सांधा दणकट हवा! दुकानात मिळतं त्याची क्लिप पहिल्या खड्ड्याला घसरते आणि मडगार्ड टायरवर घासत बसतं. पुढचं आखूड मडगार्ड मागितलं की "त्याला गिऱ्हाईक नाही सर." गिऱ्हाईक समोर उभं आहे ना! पोरं जाड प्लॅस्टिकच्या फायली कापून घरी बनवतायत, ती कोण मग?

पावसाळ्यापुरता 1.95 इंचाचा अरुंद टायर टाकला तर फ्रेममध्ये आणखी जागा मिळते. तेवढीही माहिती काउंटरवरून कुणी देत नाही, कारण त्यात त्यांचं मडगार्ड विकलं जात नाही. वर बसवायचे पैसे वेगळे, आणि चाक अडकतंय म्हणून परत नेलं तर "तुम्ही फार चिखलात चालवता." माउंटन बाइक म्हणून विकलीत ना मला? मग कुठे चालवू, मॉलच्या पार्किंगमध्ये?