‘घरबसल्या’ म्हणणाऱ्या साहेबांना

मृत्युपत्रावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय : ‘ताई, घरबसल्या लोकांना घाबरवू नका. साध्या कागदावरही मृत्युपत्र होतं, नोंदणीची सक्ती नाही. वडिलोपार्जित मिळकतीबद्दल तर एक अक्षर नाही. आणि वारसा कायद्यातली मुलींच्या हक्काची दुरुस्ती २००५ची, २००४ची नव्हे.’

२००५ बरोबर. बोट घसरलं, दुरुस्त केलंय. आभार.

पण ‘घरबसल्या’? साहेब, कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात बाकडं धरून बसलेय मी, मांडीवर डबा घेऊन, सात वर्षं. आणि लेखात ‘नोंदवून घ्या’ असं आहे, ‘नोंदवावंच लागतं’ असं कुठंही नाही. टीका करण्याआधी निदान वाचायचे कष्ट घ्यायचे.

बाबांचं मृत्युपत्र साध्याच कागदावर होतं, वहीच्या रेघी पानावर. शिवाजी पेठेतलं स्वकष्टाचं घर आईच्या नावे. खाली दोन साक्षीदार. निळी सही शेजारच्या काकांची, बाबांच्या समोर केलेली. हिरवी सही तालमीतल्या दोस्ताची. माणूस इतका सरळ, की सहीखाली त्यानं खरी तारीख घातली : दोन दिवस पुढची! कागद त्याच्या घरी नेऊन सही आणली होती, बाबा तिथं नव्हतेच. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ काय म्हणतं? दोन्ही साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही करायची. दोघं एकाच वेळी नसले तरी चालतील, पण तो समोर पाहिजे. घरातल्याच एकानं हरकत घेतली, वकिलानं त्या हिरव्या तारखेवर बोट ठेवलं आणि मृत्युपत्र पडलं. आई आणि आम्ही चार भावंडं, पाच सारखे वाटे. आईला तिच्याच घराचा पाचवा हिस्सा. परसातलं तुळशीवृंदावन कुणाकडं, यावर एक अख्खी तारीख गेली, हसू नका.

दुय्यम निबंधकाकडं, म्हणजे नोंदणी कचेरीत, गेलो असतो तर दोघं साक्षीदार बाबांच्या शेजारी उभे राहून सही करून आले असते. नोंदवलेलं मृत्युपत्रही कोर्टात पडू शकतं, तेही ठाऊक आहे मला. शिकवू नका.

वडिलोपार्जितचं म्हणाल तर, एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो, १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम ३०. पुढं कधीतरी सविस्तर लिहीन, तुम्ही टोकलंत म्हणून नव्हे.

आणि तुम्ही साध्या कागदावर करून ठेवलंच असेल, तर साक्षीदारांच्या सह्यांखालच्या तारखा आज एकदा काढून बघा.