धूर काय, पडद्यावरच असतो!

पडद्यावरच्या सिगारेटी पाहून पोरं बिघडू नयेत असं वाटतंय ना? मग थोडे उपाय ऐका. परवाच एक वेबसिरीज बघून बसलोय, सल्ला ताजा आहे.

आधी कोपऱ्यातल्या इशाऱ्यावर भरवसा ठेवा. पांढऱ्या आभाळावर पांढरी, मुंगीएवढी अक्षरं. पोरं तीच वाचत बसतात, नायकाच्या ओठांकडे कोण बघतंय?

दुसरं, ‘कथेची गरज’ हे शब्द पाठ करा. नायक विचारात पडला, सिगारेट. प्रेमभंग झाला, सिगारेट. भर पावसात गुंडाची वाट बघतोय, सिगारेट, आणि ती भिजतही नाही! माणूस अस्वस्थ आहे हे दाखवायला या लेखकांना दुसरं काही सुचतच नाही का हो? वर वास्तववाद म्हणे. दिवसाला पाकीट संपवणारा हा गडी चार मजले धावत चढतो, धाप नाही, ठसका नाही. वास्तवच दाखवायचंय तर पहाटेचा खोकला दाखवा, पिवळी बोटं दाखवा, जवळ आल्यावर तोंड फिरवणारी नायिका दाखवा. ते नाही दाखवणार. ते ‘कूल’ दिसत नाही ना!

तंबाखू कंपन्यांवर संशय घेऊ नका. सिनेमात आपला माल दिसावा म्हणून त्या पैसे मोजत. अमेरिकेत १९९८ साली राज्य सरकारांशी झालेल्या समझोत्याने ते बंद करावं लागलं. दानधर्मच तो, दुसरं काय?

अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यविषयक प्रमुख डॉक्टरचा, २०१२चा अहवाल सांगतो की सिनेमातलं धूम्रपान बघून तरुण मुलं सिगारेट सुरू करतात. अहवाल जाडजूड आहे, उघडू नका.

असल्या सिनेमांना ‘फक्त प्रौढांसाठी’ ठरवा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. छे, गल्ल्याचं काय होईल?

पोराने काही विचारलंच तर ‘गप बघ’.

परवा शेजारी भाचा होता. वय तेरा. तिसऱ्या भागात बघतो तर साहेबांनी पेन्सिल दोन बोटांत धरलेली, डोळे बारीक, आणि तर्जनीने टकटक करून राख झाडणं चाललंय. नसलेली राख! मी हसलो. फोटो काढायला मोबाइलसुद्धा उचलला.

लाज वाटायला हवी होती मला. आणि तुम्हालाही, कारण तुम्हीही हसला असतात. तक्रार करायला एक ओळ लिहवत नाही आपल्याला, पण पुढचा सीझन कधी येतोय ते तोंडपाठ. बंद कर म्हणावं तर ‘थांब रे, शेवटचा भाग राहिलाय’. हे भाचा नव्हता म्हणत. मी म्हणत होतो.