फादर आमारोला सिनेमानं काळं फासलं नाही, धुऊन काढलं

मेक्सिकोच्या ‘एल क्रिमेन देल पाद्रे आमारो’ (२००२) या सिनेमाचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. मूळ पोर्तुगीज कादंबरी म्हणे मोहात पडलेल्या तरुण पाद्र्याची संयत शोकांतिका होती, आणि दिग्दर्शक कार्लोस कारेरानं तिच्यात विटंबना, ड्रग्जचा पैसा नि गर्भपात कोंबून ती बाजारात विकली. संयत? एसा द केइरोशची ही कादंबरी उघडून न बघताच हे विशेषण चिकटवलेलं दिसतं.

आधी विटंबनेचं बघू. सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तो शेल्याच्या प्रसंगावरून. आमारो मारियामातेचा निळा शेला त्याच्या प्रेमात पडलेल्या अमेलियाच्या अंगावर पांघरतो आणि तू तिच्याहूनही सुंदर दिसतेस, असं म्हणतो. हा प्रसंग थेट कादंबरीतून उचललेला आहे. तिथे तो चर्चच्या सामानाच्या खोलीत घडतो, आणि आमारोनं जवळ ओढताच अमेलियाचा भीतीनं थरकाप होतो. १९व्या शतकातल्या लेखकानं लिहिलेलंच कारेरानं दाखवलं. मांजरीला पवित्र भाकर भरवणारी म्हातारी मात्र सिनेमाची स्वतःची. ती नसती तरी काही बिघडलं नसतं, हे मान्य.

ड्रग्जचा पैसा कादंबरीत नाही, कसा असणार? पण सत्तेचा वशिला आहेच. लेइरिया या पोर्तुगीज गावातली पाद्र्याची चांगली जागा आमारोला मिळते ती एका बड्या सरदार घराण्याच्या शब्दावर. पटकथाकार व्हिसेंते लेन्येरोनं सरदाराच्या जागी मेक्सिकोतला माफिया आणला; त्याच्या देणगीतून आमारोचा वरिष्ठ फादर बेनितो इस्पितळ बांधतो. लेन्येरो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, त्यामुळे धर्मद्वेष्ट्यांचं कारस्थान वगैरे म्हणणंही टिकत नाही.

‘सगळेच पाद्री वाईट दाखवलेत’ या तक्रारीला फार वेळ देण्याची गरज नाही. कादंबरीत फेर्राँव नावाचा सज्जन धर्मगुरू आहे, सिनेमात गरीब शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहणारा फादर नातालियो. बिशपला नको असतो तो नेमका हाच.

खरी गंमत शेवटच्या आरोपात आहे. गर्भपात घालून कथा भडक केली म्हणे! सिनेमात अमेलिया चोरून केलेल्या गर्भपातात दगावते. आमारो तिला गाडीत घालून धावपळ करतो, तिचा अंत्यविधी स्वतःच चालवतो. आमारो झालेल्या गाएल गार्सिया बेर्नालचा तो कोवळा चेहरा बघून प्रेक्षक थोडा विरघळतोच. कादंबरीत मूल जन्माला येतं. आमारोपुढे बाळ सांभाळणाऱ्या दोन दाया असतात, एक भली आणि दुसरी नको असलेली बाळं ‘मार्गी लावणारी’. तो मूल दुसरीच्या हवाली करतो. मागाहून मन पालटून तिच्या दारात जातो, तोवर मूल मेलेलं असतं, आणि बाळंतपणानंतर अमेलियाही जाते. हा कादंबरीचा १८८० चा, बराच पुन्हा लिहिलेला मजकूर. १८७५ च्या पहिल्या खर्ड्यात तर आमारो स्वतःच्या हातानं पोर नदीत बुडवतो.

तेव्हा भडकपणाचं माप लावायचंच असेल तर सिनेमा बराच मवाळ निघतो, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. अमेलियाच्या आईच्या, साँव जुआनेराच्या घरात चहा-बिस्किटांबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पापांची मोजदाद करणाऱ्या बायका, त्यांच्यात लाडावलेले पाद्री, हा केइरोशचा विखारी विनोद पडद्यावर फारच थोडा उरलाय. कादंबरीच्या शेवटी आमारो लिस्बनमध्ये मजेत असतो. जुना सोबती भेटल्यावर तो हसत सांगतो, आता मी फक्त लग्न झालेल्या बायकांचंच पापनिवेदन ऐकतो. हे वाक्य बेर्नालच्या तोंडी द्यायचं धाडस कारेरानं केलं नाही.