सुनामीचं 'बेट' आणि गणेश पेठेतली सुरमई

रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरत आला. म्हणे २०११च्या जपानी सुनामीचा कचरा एकवटून समुद्रात तरंगतं बेट झालंय, ते किरणोत्सारी आहे आणि प्रवाहाबरोबर कोकणाकडे सरकतंय, तेव्हा सुरमई खाऊ नका. खाली तिघांनी हात जोडले. मी नुकताच गणेश पेठेतून सुरमई घेऊन आलो होतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी बेटाचं बघू. जपान सरकारच्या अंदाजाने सुमारे ५० लाख टन सामान समुद्रात ओढलं गेलं आणि त्यातलं ७० टक्के किनाऱ्याजवळच बुडालं. उरलेलं एकत्र राहणं शक्यच नव्हतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीकाठी उभं राहून बघा. रिकामी बाटली वाऱ्याने भलतीकडेच पळते, भिजून जड झालेला ओंडका मात्र पाण्याच्याच चालीने जातो. समुद्रातही तेच झालं. पाण्यावर उंच राहणारे मासेमारीचे बोये वारा खात साधारण वर्षभरात उत्तर अमेरिकेला पोचले. मिसावा बंदराचा तरंगता धक्का, वजन सुमारे १८८ टन, ओरेगॉनच्या किनाऱ्याला लागला तो जून २०१२ मध्ये. त्याच्या अंगाला जपानी शिंपले आणि समुद्री शेवाळ जिवंत चिकटलेलं होतं! तिथल्या शास्त्रज्ञांना धास्ती होती ती या आगंतुक जिवांची.

किरणोत्साराला तर तारखाच पुरेत. लाट आली ११ मार्चला दुपारी आणि सामान तेव्हाच वाहून गेलं. फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पातला पहिला स्फोट १२ मार्चचा. नंतर दूषित पाणी समुद्रात गेलं हे खरं, पण तोवर हे सामान किनारा सोडून गेलं होतं.

राहिलं कोकण. कुरोशिओ प्रवाह जपानलगत ईशान्येला जातो, मग पूर्वेला वळतो. अमेरिकेजवळ त्याला दोन फाटे फुटतात, एक अलास्काकडे, दुसरा कॅलिफोर्नियाकडे. म्हणजे ओढ आपल्या बरोबर उलट दिशेला. (आपल्या मुठेतला कचरासुद्धा कोकणात जात नाही, तो भीमेतून उजनीच्या वाटेला लागतो.)

मेसेजसोबतचा फोटो मात्र खरा आहे. पाण्यावर तरंगणारी छपरं, लाकडं. अमेरिकी नौदलाने तो मार्च २०११ मध्येच जपानच्या किनाऱ्याजवळ आकाशातून टिपलाय. हे मी ग्रुपवर लिहिलं, आणि सुरमईला रवा लावायला घेतला.