हलवायाच्या तळ्यावर तुळशीपत्र

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलात. हसू नका. बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनच्या विधिमंडळात बसले आणि तिथून वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेले. मग तुमचंच घोडं कुठे पेंड खातंय? तर गेलात. पहिलंच वर्ष आहे, नावावर एकही विधेयक नाही आणि मतदारसंघात तुमची ओळख म्हणजे 'ते उच्चारता न येणाऱ्या आडनावाचे'. रस्ता बांधायचा तर पैसा लागतो. शाळांना हात लावला की शिक्षकांच्या संघटना अंगावर येतात. बंदुकीचं नाव काढलं तर सगळेच. अशा वेळी माझं ऐका. ज्येष्ठ नागरिकांना मासेमारीचं लायसन्स फुकट करून टाका.

याच्याइतकं स्वस्त पुण्य दुसरं नाही, कारण खर्च तुमचा नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला हलवाई ओळखीचा असावा लागत नाही. इथला हलवाई म्हणजे राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं. ते मतदान करत नाही. त्याचा जो अधिकारी तुमच्या समितीसमोर मांडीवर फाईल घेऊन बसलेला असेल, तो पुढच्या वर्षाच्या खर्चाची मंजुरी तुमच्याचकडे मागायला आलेला असतो. तो आवाज चढवणार नाही. चढवलाच तर 'म्हणजे तुम्ही आजोबांच्या विरोधात आहात का?' एवढंच विचारा.

आपल्याकडच्या वाचकाला हे लायसन्स प्रकरण थोडं नवं वाटेल. अमेरिकेत गोड्या पाण्यात हौसेनं गळ टाकून बसायचं तरी राज्याचं लायसन्स लागतं. जॉर्जियाचंच घ्या, अटलांटाच्या उत्तरेच्या उपनगरांत आपली बरीच मंडळी आहेत म्हणून. तिथे रहिवाशाला वर्षाचे ९ डॉलर पडायचे, ते २०१७ मध्ये १५ झाले. फी वाढायची १९९२ नंतरची ती पहिलीच खेप. पाव शतकात पेट्रोल, घर, कॉलेज यांचं काय झालं ते बघा आणि मग या ९ डॉलरच्या चिकाटीला दाद द्या. बाहेरच्याला मात्र ५० डॉलर. पुण्याहून सहा महिने नातवंडं सांभाळायला आलेले आजोबा केस कितीही पिकलेले असोत, टुरिस्ट व्हिसावर म्हणजे बाहेरचेच. तुमच्या विधेयकातही त्यांना घेऊ नका. त्यांना मत नाही.

आता भाषण. 'ज्यांनी आयुष्यभर कर भरला, त्यांना नातवाबरोबर एक मासा धरायचे पैसे मागायचे?' इथे थांबा. सभागृहात कोणीतरी डोळे पुसतं. नातवाला सोळा वर्षांपर्यंत बहुतेक राज्यांत लायसन्स लागतच नाही, हे त्या क्षणी कोणाला आठवत नाही. आजोबा फुकट, नातू फुकट, आणि मधे गळ सोडवत, गाळात रुतलेला बूट ओढत, सगळ्यांना गाडीतून घेऊन आलेला बाप पूर्ण फी भरतो. त्याचा उल्लेख भाषणात नको. तो चाळिशीचा आहे आणि निवडणुकीच्या दिवशी ऑफिसात असतो. आजोबा सकाळी साडेसातला मतदान केंद्राबाहेर रांगेत उभे असतात.

वयाची अट हे नाजूक काम. फ्लोरिडा आणि अलाबामा रहिवाशांना ६५ ला मोकळं करतात, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स ७० ला. न्यू यॉर्क ७० च्या पुढेही ५ डॉलर घेतं. इतका चेंगटपणा का, ते पुढे सांगतो. टेक्सासची पूर्ण माफी फक्त १ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांना आहे, म्हणजे त्या मंडळींतला शेंडेफळही आज नव्वदीच्या पार आहे. याला म्हणतात उदार मन आणि घट्ट मूठ. तुम्हाला हे जमणार नाही, तुम्ही नवखे आहात.

जॉर्जियात २०१७ पर्यंत पासष्टी गाठलेल्या प्रत्येकाला आजन्म लायसन्स फुकट होतं. मग फी वाढवताना त्यांनी रेघ मारली: ३० जून १९५२ पर्यंत जन्मलेले फुकट, त्यानंतरच्यांनी काहीतरी सवलतीची फी भरायची. आपल्या लोकांसाठी तर ही रेघ देवानं आखल्यासारखी आहे. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून ठोकून दिलेली. आईला एवढंच आठवत होतं की गणपती नुकतेच बसले होते. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याशा गुरुजींनी घाईत केलेली ती नोंद साठ-पासष्ट वर्षांनी चॅटहूची नदीच्या काठी एखाद्या काकांना जन्मभराचं लायसन्स मिळवून देते, आणि खऱ्या तारखेवर अडून बसलेले त्यांचे प्रामाणिक मित्र शेजारी उभं राहून पैसे भरतात.

यापुढचा हिशेब वाचा आणि विसरून जा. आठवत राहिला तर सभागृहात हात वर करताना जड होईल.

अमेरिकेत गळ, रीळ, काठी, आमिष यांच्यावर कारखान्याच्या दारातच केंद्र सरकार साधारण १० टक्के कर घेतं. १९५० सालचा कायदा आहे. पुढे १९८४ मध्ये त्यात मोटरबोटींच्या इंधनाच्या कराचीही भर पडली. हा पैसा राज्यांना परत मिळतो, पण वाटपाला सूत्र आहे. ४० टक्के भाग राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के लायसन्सधारक किती, यावर. लायसन्सधारक म्हणजे पैसे भरून लायसन्स घेतलेला माणूस. खर्च वजा जाता राज्याच्या हातात वर्षाला किमान २ डॉलर उरले पाहिजेत, तर तो माणूस मोजायचा. फुकट लायसन्स घेऊन वर्षाचे दोनशे दिवस नदीत उभा असलेला आजोबा वॉशिंग्टनच्या वहीत अस्तित्वातच नसतो. त्यानं विकत घेतलेल्या प्रत्येक गळावर कर गेलेला असतो. पैसे गेले, माणूस नाही गेला. न्यू यॉर्क त्या ५ डॉलरना का चिकटून बसतं, ते आता लक्षात आलं असेल. कोलोरॅडोनंही ६४ आणि त्यापुढच्यांचं फुकट लायसन्स २०१८ च्या कायद्यानं बंद करून ८ डॉलर लावले. आठ डॉलरनी काय होतं? आठ डॉलरनी माणूस मोजला जातो.

अजून एक. केंद्राचा पैसा कामाच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतो, उरलेले २५ राज्यानं घालायचे. ते २५ येतात कुठून? बऱ्याच ठिकाणी याच लायसन्सच्या गल्ल्यातून. म्हणजे खात्यानं एक डॉलर टाकला की वरून तीन येतात. समजा तुमच्या राज्यात एक लाख ज्येष्ठ १५ डॉलर भरतायत आणि तुम्ही ते माफ केलेत. विधेयकाला जोडलेल्या कागदावर लिहिलेलं असेल: महसुलात घट १५ लाख डॉलर. कागद तिथे संपतो. त्या १५ लाखांना जोडून येऊ शकणारे ४५ लाख आणि सूत्रातून गायब झालेली लाखभर डोकी पुढच्या पानावर असतात, आणि पुढचं पान छापलेलं नसतं. (सूत्राला तळ आणि छत दोन्ही आहेत. कोणत्याही राज्याला १ टक्क्याहून कमी नाही, ५ टक्क्यांहून जास्त नाही. तुमचं राज्य आधीच तळाशी बसलेलं असेल तर डोकी कितीही गायब करा, तेवढा हप्ता हलत नाही. निवडणूक लढवण्यापूर्वी हे बघून ठेवा.)

या सगळ्यात वाटायला पैसा जातो किती? गेल्या काही वर्षांत देशभर मिळून वर्षाला साधारण ३५ ते ४० कोटी डॉलर. शिवाय अट अशी की मासेमारीच्या लायसन्सचा पैसा राज्यानं दुसरीकडे वळवायचा नाही. म्हणजे त्यातून तुमच्या मतदारसंघात सभागृह बांधता येणार नाही. ज्या पैशातून आपल्याला काही करता येत नाही, तो माफ करण्यात कसली आली चोरी?

'गरीब ज्येष्ठांचं काय?' असं कोणी विचारलं तर भरल्या गळ्यानं बोला, पण विधेयकात उत्पन्नाची अट अजिबात घालू नका. उत्पन्न विचारलं की माणसं दुखावतात, वय विचारलं की फुलतात. शनिवारी सकाळी लेक लेनियर या चॅटहूचीवरच्या धरणाच्या जलाशयावर, एखाद्या बोटींच्या धक्क्यावर जाऊन बघा. चकचकीत पिकअप उलटी येते, मागच्या ट्रेलरवर लाल-काळ्या रंगात चमचमणारी, बास मासे धरायची बोट. बोटीला दोन पडदे, एक पाण्याखालचे खडक दाखवणारा आणि एक थेट मासाच दाखवणारा, बघताय ना, हा इकडे वळला. त्या बोटीच्या किमतीत आपल्याकडे तालुक्याच्या गावी फ्लॅट येतो. टॅकल बॉक्स उघडला की आमिषांच्या रांगा; एकेका प्लॅस्टिकच्या माशाला दहा-बारा डॉलर मोजलेले, त्यातला एखादा दर आठवड्याला बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकून राहणार. ह्या गृहस्थांचं लायसन्स तुम्ही माफ केलंत. आणि धरणाखाली काठावर प्लॅस्टिकची बादली उलटी घालून बसलेला, दोन नोकऱ्या करणारा, तिशीतला माणूस? तो पूर्ण फी भरतो, वर ट्राउट माशाचं वेगळं लायसन्स. सामाजिक न्याय असा बादली उलटी घालूनच करायचा असतो.

त्याच धरणाखाली, ब्युफर्डला, राज्याचं ट्राउटचं मत्स्यबीज केंद्र आहे. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात इथे ट्राउट जगतो तो धरणाच्या तळातून सुटणाऱ्या थंडगार पाण्याच्या जिवावर. नदीत सोडायचे मासे आधी वर्ष-दीड वर्ष टाक्यांत खाऊ घालून वीतभर वाढवावे लागतात. मग एक दिवस टाक्या लादलेला ट्रक निघतो, ऑक्सिजनच्या नळ्या फुसफुसत असतात, पुलावर थांबून कर्मचारी जाळीनं मासे काढतात आणि पाण्यात सोडतात. त्या ट्रकच्या मागे दोन-चार गाड्या हमखास लागलेल्या असतात. मंगळवारी सकाळी साडेदहाला ट्रकच्या मागे फिरायला वेळ कोणाला असतो, सांगा बघू? दिवसाला आठ ट्राउटची मर्यादा सगळ्यांना सारखी आहे, पण ती रोज नव्यानं सुरू होते, आणि रोज मोकळा तोच असतो.

तेव्हा पैसे कमी पडले की खातं काय करेल, याची काळजी नको. ट्रक चारऐवजी तीन फेऱ्या मारेल. एखादी रिकामी जागा भरली जाणार नाही. लोक म्हणतील, पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत. हवामानावर बोलतील, पाणकावळ्यांवर बोलतील. तुमचं नाव कोणी घेणार नाही, फार तर म्हणतील, 'खात्यात सगळे झोपलेत.' त्यावर तुम्ही चौकशी समिती मागा.

आपल्याकडून शिकण्यासारख्या यात दोन गोष्टी आहेत, दोन्ही टाळायच्या. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही, पण त्या प्रवासाचे पैसे सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे, असं निदान ठरलेलं तरी आहे. हे तुम्ही करू नका. भरपाईचं कलम घातलं की अर्थखातं जागं होतं आणि तुमचं पुण्य तुमच्याच बजेटात दिसायला लागतं. दुसरी गोष्ट रेल्वेची. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये गेली, ती काही परत आली नाही, आणि आजही कुठल्याही डब्यात साठीच्या पुढचा कोणीही तिकिटाच्या कागदाकडे बघून तो विषय काढू शकतो. दिलेलं काढून घेऊ नये. घ्यायचंच असेल तर जॉर्जियासारखं, ज्यांना मिळालंय त्यांचं राहू द्या आणि पुढच्यांची जन्मतारीख चुकीची ठरवा.

पुढचे येणार आहेत बरं का, रांगेनं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत पाळणे हलायचे थांबलेच नव्हते. त्या पिढीतला शेवटचा माणूस २०३० पर्यंत पासष्टीत असेल. तरुणपणी लायसन्स काढायचे ते हेच लोक. ज्यांच्या जिवावर गल्ला भरत होता, तेच आता रांगेनं पैशाच्या बाजूकडून फुकटच्या बाजूला येतायत. तुमच्या विधेयकाचा खर्च पहिल्या वर्षी सगळ्यात कमी असतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. तेव्हा सही समारंभ पहिल्याच वर्षी उरका.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सुनावणीच्या दिवशी हटकून एक म्हातारा येतो. डोक्यावर तेलकट टोपी, टोपीला अडकवलेला एक गळ. माइकसमोर उभा राहून सांगतो, की माझं वय चौऱ्याहत्तर, मी आठवड्याला याहून जास्त पैशाची आमिषं पाण्यात घालवतो, आमचे ५ डॉलर घ्या आणि ट्रकच्या फेऱ्या कमी करू नका. हा माणूस धोकादायक आहे. त्याला बोलताना अडवू नका, वाईट दिसतं. बोलून झालं की खुर्चीवरून उठा, त्याच्यापर्यंत चालत जा, हात हातात घ्या, 'अशाच माणसांसाठी तर मी हे विधेयक आणलंय' असं कॅमेऱ्याकडे बघून सांगा, आणि लगेच पुढचं नाव पुकारायला लावा.