पोस्टफिक्स बसवून झाल्यावरचं काम
स्वतःचा मेल सर्व्हर उभारण्यावरच्या या लेखात पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) आणि डोव्हकॉट (आलेले मेल वाचायला देणारा प्रोग्रॅम) बसवायची कृती छान दिली आहे. पण पाठवलेला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडला तर काय करायचं, हे यायला हवं होतं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावांच्या नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी हव्यातच. शिवाय आयपीवरून उलट शोध घेतला की तुमच्या सर्व्हरचंच नाव मिळालं पाहिजे. ही पीटीआर नोंद सहसा डोमेन विकणाऱ्याकडे नाही, सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे करावी लागते. नवखे नेमके तिथेच अडकतात. सर्व्हर भाड्याने देणारे बरेच जण पोर्ट २५ (एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे मेल जायची वाट) बंद ठेवतात, तेही पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

थंडरबर्ड हे मेल वाचायचं सॉफ्टवेअर 'जुनं झालं' असं लेखात म्हटलंय, ते मात्र अजिबात पटलं नाही. २०२४ मध्ये के-९ मेल या अँड्रॉइडवरच्या मेल अ‍ॅपच्या पायावर त्याची अँड्रॉइड आवृत्ती आली, म्हणजे काम जोरात चालू आहे. संगणकावर थंडरबर्ड मेल एमबॉक्स या साध्या मजकुराच्या फायलीत ठेवतं; उद्या प्रोग्रॅम बदलला तरी जुना पत्रव्यवहार वाचता येतो. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

सर्व्हरवर मात्र मेल साठवायला मेलडिर ही पद्धत निवडा. प्रत्येक मेलची वेगळी फाईल असल्याने आरसिंकने (फक्त बदललेल्या फायली नकलणाऱ्या प्रोग्रॅमने) बॅकअप घेताना फक्त नवे मेल उचलले जातात.